जोतिबाचा डोंगर ज्वालामुखी आहे का? आणि मुळात ज्वालामुखी फुटतो कशामुळे?

पेठकरी (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वरच्या वाऱ्यांनी पार राजस्थान-दिल्लीपर्यंत आणून सोडली. विमानं रद्द झाली, बातम्या झाल्या आणि त्या गडबडीत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडलं. म्हणे जोतिबाचा डोंगर हा निद्रिस्त ज्वालामुखी आहे, आकार बघा, शंकूसारखा आहे, कधीही जागा होईल. दुसऱ्या दिवशी तेच फॉरवर्ड आणखी तीन ग्रुपवर. तिथे वाद घालून उपयोग नसतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

जोतिबाचा डोंगर ज्वालामुखी नाही आणि कधीच नव्हता. पण तो लाव्ह्याचा आहे, हे मात्र शंभर टक्के खरं. या दोन वाक्यांत लोकांची गल्लत होते.

आपण शाळेच्या वहीत जो ज्वालामुखी काढला (त्रिकोण, वर खड्डा, त्यातून लाल रंग), तो ज्वालामुखीचा एक प्रकार झाला. जपानचा फुजी तसा आहे. आपल्याकडे जे झालं ते वेगळं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी चिरली आणि त्या भेगांतून पातळ लाव्हा वर येऊन पसरत गेला. डोंगर झाला नाही, सपाटी झाली. एक थर निवला, मध्ये बराच काळ गेला, पुन्हा भेग उघडली, वर दुसरा थर. असे थरावर थर. आज उरलेला पसारा साधारण ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि झीज होण्याआधी तो याहून बराच मोठा होता. काही थर तर पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत वाहत गेले. त्या भेगा आज डाईक म्हणून दिसतात, म्हणजे जमिनीत उभ्या रोवलेल्या दगडी भिंती. नंदुरबार-धुळ्याकडे त्या रांगेने आहेत.

मग जोतिबाला शंकूचा आकार कुठून आला? तो नंतर कोरला गेलाय. पठार होतं ते पावसाने आणि ओढ्यांनी चहूबाजूंनी खाल्लं, जे उरलं त्याला आपण डोंगर म्हणतो. ज्वालामुखीचा शंकू आतून माल येऊन वाढतो, आपले डोंगर बाहेरून झिजून उरलेत. पुरावा बघायचा तर पन्हाळ्याच्या वाटेवर थांबून समोरच्या डोंगरांकडे बघा. थर आडवे आहेत, जवळपास सपाट, आणि एका डोंगरातला थर दरी ओलांडून समोरच्या डोंगरात त्याच उंचीवर सापडतो. ज्वालामुखीचा शंकू असता तर थर मधल्या तोंडापासून बाहेरच्या बाजूला उतरते असते.

कडा, मग उतार, परत कडा, परत उतार, हा सह्याद्रीचा जो ठेका आहे तोही यातूनच आलाय. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवलेला, घट्ट. त्याचा कडा होतो. वरचा भाग बुडबुड्यांनी पोखरलेला, तो लवकर झिजतो आणि त्याचा उतार होतो. गडांना माची आणि वर बालेकिल्ला मिळाला तो यामुळे.

कोल्हापूरकरांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट. या सगळ्या थरांची रासायनिक घडणीवरून जी उतरंड लावलीय, त्यात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावं खालून वर येतात आणि महाबळेश्वरच्या वर जो गट आहे त्याचं नाव पन्हाळा. जगभरच्या भूशास्त्राच्या शोधनिबंधांत 'पन्हाळा फॉर्मेशन' असं छापलं जातं. म्हणजे आपल्या पायाखालचा दगड हा त्या सगळ्या कारभारातल्या शेवटच्या शेवटच्या हप्त्यांपैकी आहे.

खाणीत, विहिरींच्या कामात, ट्रेकिंगमध्ये असलेल्यांनी भर घालावी.

---

तांबडा_रस्सा

लई भारी धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पण पेठकरी नाना, एक बेसिक शंका. पृथ्वीच्या पोटात सगळीकडं लाव्हा भरलाय, वरनं पातळ कवच हाय, आन प्रेशर वाढलं की जिथं कवच कच्चं तिथनं फुटतंय, असंच ना? मग ते कोल्हापुरात परत का नाही फुटणार? कवच आमचं कुठं पक्कं हाय, रस्ते बघितले तर शंका येत्या.

---

पेठकरी

रस्त्यांचं भूशास्त्र वेगळ्या धाग्यात. :)

बाकी 'पोटात लाव्हा भरलाय' हा समज आधी काढून टाका. कवचाच्या खाली जे प्रावरण आहे, जवळजवळ २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत, ते घन आहे. दगड. भूकंपाच्या लाटांचा एक प्रकार द्रवातून जाऊच शकत नाही आणि त्या लाटा प्रावरणातून आरामात पार होतात, त्यावरून हे कळलं. द्रव आहे तो त्याच्याही खाली, बाह्य गाभ्यात, पण ते वितळलेलं लोखंड आणि निकेल. त्याचा ज्वालामुखीच्या लाव्ह्याशी संबंध नाही.

आता प्रावरण तापलेलं तर आहेच. एवढं की तोच दगड इथे वर आणून ठेवला तर वितळून जाईल. तिथे वितळत नाही कारण वरून दाब प्रचंड आहे. दाबाखाली दगडाचा वितळणबिंदू वाढतो. म्हणून दगड वितळायला दरवेळी आणखी आच लागतेच असं नाही, दाब उतरला तरी काम होतं. खालचा तप्त दगड घनरूपातच अतिशय सावकाश वर सरकला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्यातला थोडा भाग पाझरल्यासारखा वितळतो. महासागरांच्या मधल्या कटकांवर, म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगांवर, हेच चालू असतं. इथिओपियाच्या अफार भागातही भूपट्ट एकमेकांपासून दूर ओढले जातायत, तिथेही हेच.

दुसरा मार्ग पाण्याचा. समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो तेव्हा त्याच्या खनिजांत बांधलेलं पाणी घेऊन जातो. खोलवर ते पाणी सुटतं, वरच्या तप्त दगडात शिरतं आणि पाणी मिसळलं की दगड कमी तापमानाला वितळतो. इंडोनेशिया, जपान, अँडीज या सगळ्या माळा त्यातून झाल्या. आपलं अंदमानातलं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, याच प्रकारातलं. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची नोंद आहे, मग बराच काळ गप्प राहून १९९१ मध्ये पुन्हा सुरू झालं.

कोल्हापूर यातल्या कशातच बसत नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग खूप दक्षिणेला होता आणि प्रावरणातून वर येणाऱ्या एका तप्त प्रवाहावरून सरकत चालला होता. आपण पुढे निघून आलो, प्रवाह तिथेच राहिला. त्याचा माग काढत गेलं तर लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्रातली रांग लागते आणि शेवटी रियुनियन बेट. तिथला पितों द ला फुर्नेझ आजही वरचेवर फुटतो. तुमच्या शंकेचं उत्तर तिथे आहे: आपल्याला लाव्हा पुरवणारी चूल आता मॉरिशसच्या शेजारी आहे.

---

चुलवाण

लाव्हा कुठे शांत वाहतो आणि कुठे स्फोट होतो, हे मला गुऱ्हाळावर कळलं असं म्हटलं तर हसू नका.

काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत) रस नवीन असतो तेव्हा पातळ. खालून चुलवाण पेटलेलं, बुडबुडे येतात, वर फेस होतो आणि विरून जातो. मळी काढणारा माणूस अगदी जवळ उभा राहून काम करतो. दोनेक तासांनी रस आटत आटत काकवीच्या पुढे गेला की बुडबुड्याला वर यायला जागा मिळेना. तो फुगतो, फुगतो आणि फट्ट करून फुटतो, आणि चटका देणारा पाक हातभर उडतो. त्या वेळी गुळव्या सगळ्यांना मागे व्हायला सांगतो. हातावर एक थेंब पडला तर चिकटून बसतो आणि कातडं घेऊनच निघतो. रस तोच, काहिल तीच. फक्त घट्टपणा बदलला.

पेठकरी, लाव्ह्याचंही असंच का?

---

अवनी_भू

घट्टपणाचा भाग अगदी बरोबर. लाव्ह्यात तो घट्टपणा ठरवते सिलिका. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडात, ती साधारण ५० टक्के, तापमान ११००-१२०० अंश. असा लाव्हा मैलोनमैल वाहतो. रायोलाइट नावाच्या दुसऱ्या प्रकारात सिलिका ७० टक्क्यांच्या वर, तापमानही बरंच कमी, आणि तो लाव्हा इतका चिकट की तोंडापाशीच गोळा होऊन बसतो. बुडबुडे त्यात अडकतात.

पण एका ठिकाणी गुऱ्हाळाचा दाखला थांबतो. काहिलीत बुडबुडे येतात ते खालून आच दिल्यामुळे. मॅग्मात, म्हणजे जमिनीखालीच असलेल्या वितळलेल्या दगडात, बुडबुडे येतात ते दाब कमी झाल्यामुळे, आच वाढल्यामुळे नव्हे. खोलवर असताना पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे सगळं मॅग्मात विरघळलेलं असतं. चिकट मॅग्मात वजनाच्या चार-पाच टक्के पाणीही असू शकतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेच पाणी पृष्ठभागाजवळ वाफ झालं की हजारपटीहून जास्त फुगतं. फुगणाऱ्या वाफेने मॅग्माच्या चिंधड्या होतात. ज्वालामुखीची 'राख' म्हणजे त्या चिंधड्या. ती जळून झालेली राख नसते, काचेचा आणि दगडाचा भुगा असतो. विमानाच्या इंजिनात शिरली की वितळून पात्यांवर चिकटते. १९८२ साली जावा बेटावरच्या गालुंगगुंगच्या राखेत एका जम्बो जेटची चारही इंजिनं बंद पडली होती. विमान बरंच खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्त्याला उतरलं. दिल्लीच्या विमानांना त्या दिवशी उगाच थांबवलं नव्हतं.

तर फुटतो कशामुळे याचं माझं उत्तर असं: फुटतो तो वायू, दगड त्याच्याबरोबर उडतो. ठिणगी मात्र वेगवेगळी असते. कधी खालून नवा तप्त मॅग्मा जुन्या, अर्धवट गोठलेल्या मॅग्मात घुसतो. कधी मॅग्मा नुसता निवत जातो, स्फटिक बाजूला पडतात आणि उरलेल्या द्रवात वायूचं प्रमाण वाढत वाढत जातं. म्हणजे काहीही न घडताही घडी भरत असते. आणि कधी झाकणच निघतं. १८ मे १९८० ला अमेरिकेत सेंट हेलेन्स ज्वालामुखीची उत्तरेकडची अख्खी बाजू भूकंपाने घसरली. त्याआधी काही आठवडे ती बाजू दिवसाला मीटर-दीड मीटर बाहेर फुगत होती. दरड कोसळल्याबरोबर आतल्या मॅग्मावरचा दाब एकदम गेला आणि स्फोट वर न होता आडवा झाला. ५७ माणसं गेली.

---

खडीवाला

आमची पिढीजात खाण. शास्त्र माहीत नाही, दगड माहीत आहे.

वरनं माती, मग मुरूम, मग काळा फत्तर. फत्तर चांगला लागला की घणाचा आवाज खणखणीत येतो, घण उलटा उडतो. तीच खडी चांगली. त्याच्या खाली गेलं की आवाज बद्द होतो, दगडाला भोकं दिसायला लागतात, भोकांत पांढरे-हिरवट खडे. ते क्रशरला चालत नाहीत. पोरं ते खडे खिशात भरून नेतात. आणि त्याच्या खाली कधीकधी लाल पट्टा. वीतभर ते पुरुषभर. विटेसारखा तांबडा, पहारीने सहज निघतो, पावसात त्याचा चिखल होतो आणि वरचा फत्तर सुटतो. लाल पट्टा दिसला की आम्ही तिथे उभी भिंत ठेवत नाही. वडिलांनी शिकवलेलं.

तो लाल पट्टा नक्की काय असतो?

---

अवनी_भू

खडीवाला, तुमचा लाल पट्टा हा माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. एक थर निवल्यावर त्याच्या पाठीवर ऊन-पाऊस लागून माती तयार झाली आणि मग तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून गेला. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधली सुट्टी. काही ठिकाणी अशा मधल्या थरांत तळ्यांचा गाळ मिळतो, त्यात शिंपले, झाडांचे अवशेष. मुंबईत तर बेडकांचे जीवाश्म सापडलेत. लाव्ह्यांच्या दोन पाळ्यांच्या मध्ये इथे तळी होती आणि बेडूक डराव करत होते!

भोकं म्हणजे निघून न गेलेले वायूचे बुडबुडे. त्यांत पुढे लाखो वर्षं गरम पाणी झिरपून झिओलाइट, गारा असे स्फटिक वाढले. पोरांना म्हणावं, जपून ठेवा.

---

राधानगरीची_वाट

जांभा पण यातच येतो का? आमच्याकडे सडे सगळे जांभ्याचे, आणि बॉक्साइटच्या खाणीही आहेत.

---

पेठकरी

येतो. जांभा म्हणजे पावसाने धुऊन निघालेला हाच काळा दगड. सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. जिथे ॲल्युमिनियम जास्त साठलं तिथे बॉक्साइट. पन्हाळ्याच्या माथ्यावर आणि मसाई पठारावर जांभ्याची टोपी आहे आणि खाली काळा फत्तर.

---

सातवी_ब

मला खरंच भीती वाटते म्हणून विचारते. कोयनेचे धक्के कोल्हापुरात जाणवतात. घाट उतरून राजापूरजवळ उन्हाळे गावात गरम पाण्याचे झरे आहेत. खाली काहीतरी धगधगत असल्याशिवाय पाणी गरम कसं होईल?

---

पेठकरी

प्रश्न रास्त आहे. जमिनीत खाली जाल तसं तापमान वाढतंच, कुठेही. पावसाचं पाणी खोल भेगांत उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आलं तर गरमच राहतं. त्याला मॅग्मा लागत नाही. कोकणातले गरम झरे तसेच.

कोयनेचं म्हणाल तर ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवणारे लोक अजून आपल्यात आहेत. धरणाच्या पाण्यामुळे आधीच ताणलेल्या प्रस्तरभंगांवर (खडकांतल्या मोठ्या भेगांवर) परिणाम होऊन झालेल्या भूकंपांचं ते जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आहे. त्यात ज्वालामुखीचा हात नाही. आणि हा नुसता तर्क नाही, तिथे भोक पाडून बघितलंय. कोयनेजवळ रसाटीला संशोधनासाठी खोल बोअर घेतली, त्यात साधारण ९३० मीटरपर्यंत बेसॉल्टचे थर लागले आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटसारखा जुना खडक. पुढे गोठण्याला तीन किलोमीटर खोल गेले. मॅग्मा-बिग्मा काही नाही. लाव्हा आपल्याकडे जमिनीच्या वर पांघरलेला आहे.

दक्षिणेला गेलात तर त्या पांघरुणाची कडाही दिसते. गोकाकचा धबधबा ज्या दगडावरून पडतो तो लाव्हा नाही, त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म आहे.

---

बिनधास्त_बोलणारा

सगळं ठीक, पण लोणार राहिलं. ते तर आपल्याच महाराष्ट्रातलं ज्वालामुखीचं तोंड आहे की.

---

अवनी_भू

नाही हो. लोणार उल्केच्या आघाताने झालं. बेसॉल्टच्या पठारावर वरून आदळलेली उल्का. आघाताच्या दाबाने बदललेली खनिजं तिथल्या दगडात मिळालीत, ती ज्वालामुखीत होत नाहीत.

---

बिनधास्त_बोलणारा

बरं. आणि डायनोसॉर आपल्या लाव्ह्याने मेले की उल्केने?

---

अवनी_भू

यावर अजून हाणामारी चालू आहे, त्यामुळे मी तटस्थ. मेक्सिकोतल्या चिकशुलूबचा आघात आणि दख्खनचे उद्रेक एकाच सुमाराला आहेत. बहुतेक जण मुख्य दोष उल्केला देतात. दख्खनच्या वायूंनी हवामान आधीच बिघडवलं होतं का, किती, हा खरा वादाचा मुद्दा. वायू किती नडतात याचं अलीकडचं उदाहरण आइसलँड. १७८३ मध्ये लाकी इथे आपल्यासारखीच भेग उघडली, आठ महिने लाव्हा आणि गंधकाचे वायू येत राहिले. गुरं मेली, दुष्काळ पडला, देशातली पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनच्या मानाने तो उद्रेक म्हणजे किरकोळ.

---

जुना_मास्तर

चर्चा चांगली चालली आहे. एक भर. विद्यार्थ्यांना वाटतं ज्वालामुखी म्हणजे लाव्ह्यात जळून मरण. लाव्ह्यापासून माणूस बहुतेक वेळा चालत चालतसुद्धा सुटतो. मारणारं दुसरंच असतं. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखीच्या उतारावरून तापलेला वायू आणि राखेचा लोट आला आणि सेंट पिएर शहरातली सुमारे २८ हजार माणसं काही मिनिटांत संपली. १८८३ मध्ये क्राकाटोआने ३६ हजारांवर बळी घेतले, बहुतेक सगळे त्सुनामीत.

आणि १९८५. कोलंबियातला नेवादो देल रुईझ. उद्रेक तसा लहानच, पण डोंगरमाथ्यावरचं बर्फ वितळलं आणि राख-चिखलाचा लोंढा रात्रीच्या अंधारात खोऱ्यातून खाली आला. आर्मेरो गाव त्याखाली गेलं, जवळपास २३ हजार माणसं. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, त्यात आर्मेरो दाखवलेलं होतं. गाव हलवलं गेलं नाही. उलट १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटूबोला भूकंपमापकं आणि वायूची मोजणी बघून हजारो लोक वेळेत हलवले, शतकातल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी तो एक असूनही. वर्गात मी ही दोन उदाहरणं जोडीनेच सांगत असे.

पिनाटूबोने जगाचं तापमानही वर्षभर अर्ध्या अंशाच्या आसपास उतरवलं, गंधकाच्या वायूमुळे.

---

तांबडा_रस्सा

मास्तर, अंगावर काटा आला.

बरं आता रविवारचं बोला. हे सगळं बघायला जायचं तर कुठं? लोणारपत्तूर जायला रजा नाही.

---

पेठकरी

आधी पोहाळे लेणी, जोतिबाच्या डोंगरातच. आख्खी लेणी एका थराच्या पोटात कोरलीय, भिंतीला हात लावून दगड बघता येतो. मग पन्हाळा, तिथे माथ्यावरचा जांभा आणि खाली काळा कडा यांच्यातला फरक नुसत्या रंगावरून कळतो. वेळ असेल तर पन्हाळा तालुक्यातच बांदिवड्याला जा. तिथे बेसॉल्टचे खांब आहेत. लाव्हा निवताना आकसतो, तडे जातात आणि ते तडे थंड बाजूकडून आत आत वाढत जाऊन पंचकोनी-षटकोनी खांब सुटतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी बघितली असेल तर तोच प्रकार.

---

खडीवाला

लाल पट्टा बघायचा तर खाणीत नका येऊ, सुरुंगाचं काम असतं, आत सोडता येत नाही. घाटात रस्ता रुंद करायला जिथे डोंगर ताजा कापलाय तिथे बघा. गाडी बाजूला लावा, कड्याच्या बुडाशी उभं राहू नका आणि मोठा पाऊस झाल्यावर तर जाऊच नका. लाल पट्ट्याच्या वरचा दगड कधी सुटेल सांगता येत नाही.

---

सातवी_ब

आम्ही पण येतो. किती वाजता निघायचं?